पन्नास पावलं

देवानं बाकीच्यांना डोळे दिले ते समोर बघायला, पायाखाली बघायला, फार तर दुसऱ्याच्या रानात बघायला. माझ्या बांधाच्या शेजाऱ्याला मात्र ते वर बघायलाच दिलेले आहेत. ताडकळसपासून पूर्णेपर्यंत पायी हिंडून या, ढगाचा पत्ता नसताना दिवसभर आभाळाकडं बघत बसणारा दुसरा माणूस सापडला तर मी माझी मिशी उतरवीन. आणि मिशी उतरवायची माझ्या घराण्यात रीत नाही. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. पण सत्तर वर्षांत माणसं लय बघितली. देवाची वाट बघणारे बघितले, पावसाची बघणारे बघितले, पोराला नोकरी लागायची वाट बघून पांढरे झालेले बघितले. बंद पडलेल्या विमानाची वाट बघणारा हा एकच. माझ्या नशिबाला तोही बांधाला बांध लावून आला, त्याला कोण काय करणार?

पहिल्यापासून तो असा नव्हता. चांगला शहाणा होता. बैल पारखायचा तर त्यानं, बी निवडायचं तर त्यानं. तीन मुलगे, लेक एकही नाही. तेवढी एक ठसठस मनात होती, पण ती तो बोलून दाखवायचा नाही. कुणाच्या लेकीची सासरी पाठवणी असली की लोक वेशीवरून परत फिरायचे, हा जीप दिसेनाशी होईपर्यंत उभा राहायचा. एवढंच. बाकी माणूस बिलकुल सरळ. सगळं बिघडलं ते एका येळवसेला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी-भाकरी, आंबिलीचं मडकं, आणि नियम एकच: त्या दिवशी तुमच्या रानात जो पाय ठेवील तो पाहुणा. वैरी असला तरी त्याला जेवल्याशिवाय हलू द्यायचं नाही. त्या साली परतीचा पाऊस आला नव्हता. माझा हरभरा बोटाएवढा, आणि याचं रान तर पेरलेलंच नव्हतं. सोयाबीन काढून वखर फिरवलेलं, ओट्यासारखं सपाट. आम्ही दोघं त्याच्या कोपीपाशी आंबील पीत बसलो होतो. तेवढ्यात वरून एक बारकं पांढरं विमान आलं. शिकाऊ पोरांची ती विमानं अधूनमधून जायची, कुणी मान वर करायचं नाही. पण हे दोनदा खोकलं, म्हाताऱ्याला ठसका लागावा तसं, आणि गप्प झालं.

तो गप्पपणा मी विसरणार नाही. समोरचं पातं थांबलेलं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मला वाटलं, आता दगडासारखं पडणार. पण ते पडलं नाही. घार उतरते तसं वळण घेऊन लिंबाच्या शेंड्यावरून सूं करून आलं, याच्या रानात टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, आणि धुरळा उडवत माझ्या बांधाकडं पळत सुटलं. माझा बांध आडवा. माझ्या बापानं घातलेला, कमरेएवढा. पुढचं चाक बांधाला थडकलं, मोडलं, आणि बदकानं पाण्यात चोच घालावी तसं विमान नाक माझ्या हरभऱ्यात खुपसून आणि शेपूट वर करून उभं राहिलं.

आतून एक पोरगी उतरली. वीस-बावीसची असेल. एकटीच. चेहरा कुलूप लावल्यासारखा. आम्ही सगळे पांडवांसारखे दगड होऊन उभे. पुढं गेला तो हा, हातात आंबिलीचा तांब्या घेऊन. म्हणाला,

“ये माय. येळेवर आलीस. जेवून घे.”

पोरगी त्याच्याकडं बघतच राहिली, आणि मग जी रडली, जी रडली! रडून झाल्यावर तिनं आधी फोन लावला आणि मग तीन भाकरी खाल्ल्या. तिचे मास्तर लोक जीप घेऊन येईपर्यंत दुपार कलली. तोवर हा तिला एकेक विचारत बसला. इंजिन बंद पडल्यावर काय करायचं असतं गं? ती म्हणाली, “काका, पहिलं नाक खाली करायचं. भीतीनं माणूस नाक वर ओढतो, तिथंच मरतो. नाक खाली ठेवलं की विमान तरंगतं. मग उतरायला शेत शोधायचं. मग हाताशी वेळ उरला तर इंजिन परत चालू होतं का बघायचं.” हा मान डोलवत ऐकत होता, जणू कीर्तन चाललंय. निघताना वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोरीची ओटी भरली. खण नव्हता म्हणून नवी कोरी दस्ती, म्हणजे रुमाल, घातली, वर ज्वारी आणि नारळ. पोरीला पदर नव्हता, तिनं डोक्यावरची टोपी काढून पुढं केली.

जाताना ती दोन गोष्टी बोलली, आणि त्या दोन गोष्टींनी माझ्या शेजाऱ्याचं वाटोळं केलं. एक तर हसत हसत म्हणाली, “काका, पुन्हा कधी बंद पडलं तर इथंच येते बघा.” आणि दुसरं, बांधाकडं बघून म्हणाली, “आणखी पन्नास पावलं मिळाली असती ना, तर विमानाला ओरखडासुद्धा आला नसता.”

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले, वही घेऊन. याला विचारलं, आवाज कसा आला? हा म्हणाला, “साहेब, आवाज आलाच न्हाई, तीच तर भानगड. आवाज असला की समदं ठीक असतंय.” मग साहेबांनी पट्टी लावून माझा बांध मोजला आणि विचारलं, हा कुणाचा? मी म्हणालो, “माझा. माझ्या बापाचा. तुमच्या विमानाच्या आधीपासून हितंच हाय. त्यो कुणाच्या आंगावर गेला न्हाई, विमान त्याच्या आंगावर आलं. ल्ह्या वहीत.” साहेबांनी लिहिलं का नाही, ठाऊक नाही.

विमानाचे पंख काढून ट्रकवर घालून नेलं. माझ्या हरभऱ्यात एक खड्डा राहिला, आणि शेजाऱ्याच्या डोक्यात एक लेक राहिली. त्याचा हिशोब सरळ होता. ओटी भरली म्हणजे लेक झाली. लेक झाली म्हणजे हे रान तिचं माहेर झालं. आणि माहेर म्हटलं की वाट मोकळी पाहिजे. “लेक काय सांगून येती का, तात्या?” तो मला म्हणायचा. त्यानं रानाच्या मधोमध, लिंबापासून माझ्या बांधापर्यंत, तीस पावलं रुंदीचा पट्टा सोडला. त्यात पेरणी बंद. पावसात काळ्या मातीत चाक रुतायला नको म्हणून मुरूम टाकला. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. मुलगे डोकं आपटून घ्यायचे. हा सकाळी उठून खराटा घेऊन जायचा आणि तो पट्टा झाडायचा, अंगण झाडावं तसा. पीक पाहणीला तलाठी आला, फोनवर बघून म्हणाला, “आजोबा, ह्याची ‘पड’ म्हणून नोंद करतो.” हा खवळला. “पड? रोज झाडतो मी! पड रान बघायचं तर तुमच्या हापिसामागं बघा.” तलाठ्यानं सगळी यादी चाळली, उसापासून हळदीपर्यंत, पण लेकीच्या वाटेचा रकाना काही सापडला नाही.

मग वाऱ्याचा झगा आला. पोरीनं सांगितलं होतं की उतरताना वारा कुठून आहे ते बघावं लागतं. यानं वहिनीचं चांगलं केशरी लुगडं उचललं आणि ताडकळसच्या बाजारात शिंप्याकडं नेलं. म्हणाला, एकच बाही शिव, दोन माणसं लांब, दोन्हीकडून उघडी. शिंप्यानं विचारलं, “कुणाच्या मापाची?” हा म्हणाला, “वाऱ्याच्या.” ती बाही बांबूवर चढली आणि फडफडायला लागली. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुमी तरी सांगा. माझ्या लग्नातलं लुगडं वर टांगून ठिवलंय, लोक काय म्हणत असतील?” मी सांगितलं. तो म्हणाला, “लोकाचं सोड. वारा काय म्हणतोय ते बघ.”

त्याच्याबरोबर कुठं जायची सोय राहिली नाही. जिंतूरला त्याच्या भाच्याचं लग्न होतं, आम्ही एसटीनं निघालो. खिडकी त्यानं धरली आणि सबंध रस्ताभर रानांना पास-नापास करत बसला. “हे चालंल. हे न्हाई, तारा हायेत. हे चालंल, पर हिरीला कठडा न्हाई.” कंडक्टर म्हणाला, “आजोबा, आधी तिकीट काढा, मग उतरवा किती उतरवायची ती.” जिंतूरजवळ माळ आणि टेकड्या लागल्या तसं त्याचं पास-नापास बंद झालं. माझा हात धरून म्हणाला, “तात्या, हितं बंद पडलं तर कुठं जावं रं पोरीनं?” लग्नात तो जेवला नाही. वऱ्हाडी विचारायला लागले, नवरीकडच्यांनी मान ठेवला नाही का? मी काय सांगणार? नवरीकडच्यांच्या गावात सपाट जागा नाही म्हणून पाहुणा नाराज आहे?

आणि ती मोटारसायकल. ताडकळसच्या बाजाराला जाताना एक उतार लागतो. तिथं आला की हा चावी फिरवून गाडी बंद करायचा. म्हणायचा, “आता बघ, बिनइंजिनाचं कुठवर जातंय.” दर बाजाराला तो मागच्या बाजारापेक्षा पुढं जायच्या नादात असायचा. एकदा मी मागं बसलेला असताना ब्रेक न दाबता आम्ही उतार संपवला, वळण संपवलं, बाजाराची वेस संपवली आणि एका माळणीच्या वांग्यांच्या ढिगात थांबलो. माळीण शिव्या द्यायला लागली, माझं धोतर काट्याला लागून फाटलं. हा वांग्यातून मान वर काढून काय म्हणतो?

“उतरलो का न्हाई सुखरूप?”

मी म्हणालो, “मेल्या, वांग्यात उतरलो.”

“उतरलो ना पर!”

घरात कुणाचं काही बिघडलं की तो म्हणायचा, नाक खाली. मोठ्या मुलाची बायको माहेरी निघून गेली: नाक खाली, आधी शांत व्हा, मग जागा शोधा. पंपाची मोटार जळाली: नाक खाली. माझी बायको गेली तेव्हा बाराव्याला सगळे रडून गेल्यावर तो एकटा माझ्याजवळ बसून राहिला आणि लय वेळानं म्हणाला, “तात्या, नाक खाली ठिव. तरंगशील.” तेव्हा मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

पण पन्नास पावलांचं काय, ते सांगायचं राहिलं. पट्टा माझ्या बांधाला येऊन अडायचा. पोरीच्या बोलण्याप्रमाणे पन्नास पावलं कमी पडत होती, आणि ती पन्नास पावलं माझ्या रानात होती. तो दर येळवसेला मला कोपीत बोलवायचा, भज्जी वाढायचा, आणि माझा तांब्या अर्धा झाला की म्हणायचा, “तात्या, बांध तेवढा मोड. पन्नास पावलं सोड. पीक जाईल तेवढं माझ्या रानातलं ने.” मी म्हणायचो, न्हाई. पहिल्या वर्षी म्हणालो, बापाचा बांध आहे. दुसऱ्या वर्षी म्हणालो, मोजणी झाल्यावर बघू. तिसऱ्या वर्षी म्हणालो, बांधात मुंगसाची पिल्लं आहेत. खरं कारण एकच होतं, ते मी आज लिहितो: त्या दिवशी साहेबांनी पट्टी लावून माझा बांध मोजला होता, आणि मी छातीवर हात मारून बोललो होतो. बोललेलं मागं घ्यायचं माझ्यानं होत नाही. माझ्या बापाच्यानंही होत नव्हतं.

पोरीचा फोन पहिल्या दिवाळीला आला. दुसऱ्या दिवाळीलाही आला. तिसऱ्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलाच्या मोबाईलवर तिचा फोटो आला, खांद्यावर पट्ट्या, मागं मोठं विमान. यानं तो फोटो अख्ख्या गावाला दाखवला. आनंदानं सांगायचा, “मोठ्या विमानाला दोन इंजिनं असत्यात. एक बंद पडलं तर दुसरं चालतंय.” आणि सांगता सांगता आवाज बारीक व्हायचा. त्यानंतर फोन आला नाही. यानं लावला तर बाई बोलायची, हा नंबर अस्तित्वात नाही. तो तिला सांगायचा, “अस्तित्वात हाय माय, तू नीट बघ.” बाई तेच तेच बोलत राहायची.

पट्टा तरी तो झाडतच होता. गुडघे गेले, बसून झाडायला लागला. कान गेले. मोटारसायकल मुलांनी विकून टाकली. मग आली सहावी येळवस. मला त्या दिवशी कंबर धरली होती, मुलाशी भांडून आलो होतो, आणि यानं माझा तांब्या अर्धाही होऊ दिला नाही. “तात्या, बांध तेवढा...” माझं डोकं सटकलं. मोठ्यानं बोलावं लागायचं त्याच्याशी, म्हणून शब्द आणखीच कडू झाले. मी ओरडलो,

“अरे, तू लेकीची वाट बघायलास का तिचं इंजिन बंद पडायची? ती हितं कवा येणार? मरायला टेकली तरच ना? असला कसला बाप रं तू?”

चूल फुंकणाऱ्या वहिनी थांबल्या. यानं हातातला तांब्या खाली ठेवला, अगदी हळू, सांडू नये म्हणून ठेवतात तसा. लय वेळ पट्ट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “हे माझ्या ध्येनातच आलं न्हाई, तात्या.” बस्. तेवढंच. चार दिवसांनी त्यानं मुलांना बोलावून सांगितलं की पट्टा नांगरा. सहा वर्षं मुलगे यासाठी भांडत होते, आणि आता नांगर घालायला त्यांचा हात धजेना. शेवटी ट्रॅक्टर भाड्यानं आणला. मुरमात फाळ खरखरत होता, तो आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. लुगड्याची बाही यानं स्वतः उतरवली, धुतली, घडी घातली आणि वहिनीला परत दिली. आता तिचा काय उपयोग? वहिनींनी ती तशीच ट्रंकेत ठेवली.

माणसाचं वेड काढून घेतलं की माणूस उरत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मला स्वतःला कळलं नाही. तो लिंबाखाली एका खोडावर बसलेला असतो. डोळे खाली. सत्तर वर्षांचा बांध मोडत नाही म्हणून मिशीला पीळ भरणारा मी, एका वाक्यात त्याचं सगळं रान मोडून बसलो. आणि वाक्य खोटं असतं तरी बरं होतं.

यंदाच्या येळवसेच्या आठ दिवस आधी मी कुदळ घेतली. माझा मुलगा म्हणाला, “आबा, जेसीबी सांगतो की.” मी म्हणालो, न्हाई. रोज थोडं थोडं खणून तीस पावलं बांध मोडला. मुंगूस एकही निघालं नाही. पलीकडं माझी पन्नास पावलं हरभरा उपटून सपाट केली, खराट्यानं झाडली. बांधाच्या त्या अंगाला त्याचा पट्टा होता तिथं आता मुलांचा हरभरा घाट्यावर आलेला. विमान काय, तिथं उतरून टिटवी बसली असती तर बसली असती. हे मला दिसत होतं. पण हात थांबत नव्हते.

येळवसेला त्यानं बोलावणं पाठवलं नाही. मीच गेलो. त्याला हाताला धरून बांधापाशी आणलं. त्यानं मोडलेला बांध बघितला, माझी पन्नास पावलं बघितली, मग स्वतःचा उभा हरभरा बघितला. आणि कितीतरी दिवसांनी हसला.

“पन्नास पावलांत काय उतरतंय, तात्या?”

“काय न्हाई,” मी म्हणालो.

“मग कामून मोडलास?”

“तुला काय करायचंय? माझा बांध हाय.”

आम्ही तिथंच मोडक्या बांधावर बसलो. वहिनींनी आंबील तिथंच आणून दिली. तेवढ्यात त्याची मान वर गेली. सवय कुठं जाते? लय उंचावर एक मोठं विमान चाललं होतं, नखाएवढं, मागं पांढरी रेघ. यानं कानामागं हात धरला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त गेलं. माझं मनगट धरून म्हणाला,

“आवाज न्हाई, तात्या. आवाज यिना गेलाय.”

मी वर बघितलं. कान लावला. माझे कान तरी आता कुठं धड आहेत? लिंबाची पानं हलत होती तीसुद्धा मला मुकीच दिसत होती. मला काही ऐकू आलं नाही.

“हाय की,” मी म्हणालो. “चांगला दणदणीत हाय. दोन्हीबी चालू हायेत.”

“दोन्हीबी?”

“दोन्हीबी.”

त्यानं माझं मनगट सोडलं. पांढरी रेघ पुसट होऊन पूर्णेच्या दिशेनं विरून जाईपर्यंत तो बघत राहिला, वेशीवर जीपमागं बघायचा तसा. मग तांब्या उचलून म्हणाला,

“मंग जाऊ दे. बरी हाय ती.”